सोलापुरात मालिश केंद्र चालवायचं म्हणजे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुळे सोलापुरात माझं दोन टेबलांचं मालिश केंद्र आहे. त्याआधी आठ वर्षं मी घरोघरी जाऊन बाळंतिणींना आणि बाळांना तेल लावायचं काम केलं. आता या धंद्यात येऊ पाहणाऱ्यांचे फोन येतात. कुणाचं पार्लर चालत नाही, कुणी नर्सिंग अर्ध्यात सोडलंय, कुणाच्या आजीच्या हाताला गुण होता. प्रश्न तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवते.

सोलापुरात पैसे देऊन मालिश करून घेणारं गिऱ्हाईक आहे का?

आहे, पण ते हॉटेलातल्या स्पाचं गिऱ्हाईक नव्हे. इथं माणूस दुखतंय म्हणून येतो. यंत्रमागावरचा माणूस पाळीभर उभा असतो. धागा तुटला की वाकायचं, जोडायचा, पुन्हा उभं राहायचं, पुढच्या मागाकडे जायचं. त्याची कंबर आणि पोटऱ्या लाकडासारख्या झालेल्या असतात. विड्या वळणाऱ्या बाईचं उलटं. मांडी घातलेली, मांडीवर सूप, मान खाली आणि बोटांना दिवसभर तीच एक हालचाल. तिच्या मानेच्या बुडाशी नुसतं बोट टेकवलं तरी ती दचकते.

पण खरं सांगू का, हे दोघंही परवडेल तेव्हाच येतात, आणि परवडतं क्वचित. केंद्राचं भाडं ज्यांच्यावर निघतं ते गिऱ्हाईक वेगळंच आहे. मुलं पुण्याला नोकरीला आणि साठी-सत्तरीचे आई-वडील इथं, दोन मजली घरात दोघंच. मुलगा तिकडून यूपीआयनं पैसे पाठवतो आणि संध्याकाळी फोन करून विचारतो, "आज बाबा आले होते का? कसे दिसले?" मालिशइतकाच त्याला तो फोन महत्त्वाचा असतो, हे मला दोन वर्षांनी कळलं. त्याखालोखाल बाळंतिणी. मग शिक्षक, बँकवाले, रोज बसून काम करणारे.

नावात 'स्पा' किंवा 'मसाज' शब्द घालू का?

मी घातला नाही. 'मालिश केंद्र' म्हटलं की लोकांना आजीची तेलाची वाटी आठवते, 'मसाज पार्लर' म्हटलं की पेपरातली धाडीची बातमी. अन्याय आहे, पण तो तुम्ही पाटी लावून दुरुस्त करू शकणार नाही.

जागा बघायला गेलं की मालक नाही म्हणतात. काय करायचं?

त्यांच्या जागी मीही नाहीच म्हटलं असतं. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यात, पोलीस ज्याला 'पिटा' म्हणतात, जाणूनबुजून जागा देणारा मालकही अडकतो. त्यामुळे त्याची भीती काढणं हे तुमचं काम. मी मालकांच्या घरी बायकोला भेटायला गेले, त्यांना नाही. तिच्या गुडघ्याला तेल लावून दिलं आणि माझी पद्धत सांगितली: बाईला बाई, पुरुषाला पुरुष; दाराला आतून कडी नाही, जाड पडदा; रस्त्याकडची बाजू काचेची आणि तिथं बसायची खोली; रात्री आठनंतर बंद. भाडेकरार नोंदवूनच केला. नंतर स्वतःहून पोलीस ठाण्यात जाऊन केंद्राची, माझी आणि मदतनिसांची माहिती देऊन आले. तिथल्या हवालदारांची आई पुढं माझ्याकडे यायला लागली, हा वरचा फायदा.

जागा तळमजल्यावरच घ्या. गुडघेदुखीच्या माणसाला जिना चढायला लावून वर गुडघे चोळायचे, हा विनोद मी सुरुवातीला वर्षभर केलाय.

परवाने कोणते लागतात?

दोन-चार माणसांच्या केंद्राला दुकाने आणि आस्थापना कायद्याखाली, म्हणजे २०१७ च्या, नोंदणी लागत नाही. ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती भिंतीवर लावायची. उद्यम नोंदणी फुकट होते, त्यासाठी एजंटाला पैसे देऊ नका. सेवा व्यवसायाला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची गरज नाही. त्यापुढं गेलात तर सलून, जिम, योग यांच्या बरोबरीनं या कामावरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आलाय, मात्र खरेदीवर भरलेला कर वळता करून मिळत नाही. बाहेर मोठा फलक लावायचा असेल तर महापालिकेत विचारा.

शिकायला किती दिवस लागतात? सर्टिफिकेट हवंच का?

ब्युटी अँड वेलनेसच्या कौशल्य अभ्यासक्रमात स्पा थेरपिस्टचा कोर्स असतो, तो केलेला बरा. शरीररचना, स्वच्छता, नोंदी कशा ठेवायच्या हे तिथं नीट शिकवतात. हात मात्र कोर्सात तयार होत नाही. घरातल्या, शेजारच्या, ओळखीच्या मिळून शंभर पाठी फुकट चोळा आणि प्रत्येकाला विचारा, कुठं जास्त झालं, कुठं कमी पडलं. साधारण साठाव्या पाठीपासून हाताला कळायला लागतं की हा स्नायू आखडलाय आणि हे हाड आहे. मी एकदा खांद्याच्या फऱ्याची कड 'गाठ' समजून दहा मिनिटं दाबत बसले होते. माझीच जाऊ होती म्हणून निभावलं.

एक मर्यादा आधीच आखून घ्या. फिजिओथेरपी ही वेगळी पदवी आहे, पंचकर्म वैद्यांच्या देखरेखीखालचं काम आहे. आपण दोन्ही नाही. पाटीवर नावाआधी 'डॉ.' लावणारे काही जण दिसतात. त्यांच्याशी स्पर्धा करायला जाऊ नका.

टेबल, टॉवेल, तेल: काय घ्यायचं?

टेबल सुताराकडून करून घेतलं तरी चालतं, उंची तेवढी बघा. टेबलाजवळ सरळ उभं राहून हात खाली सोडायचा आणि मूठ वळायची. मुठीची बोटं टेबलाला टेकली पाहिजेत. टेबल उंच झालं तर तुमचे खांदे जातात, बुटकं झालं तर कंबर जाते. दोघींच्या उंचीत फरक असेल तर दोन टेबलं वेगळ्या उंचीची करा. चेहऱ्यासाठी भोक ठेवायचंच, नाहीतर पालथ्या माणसाची मान तासभर एका बाजूला वळलेली राहते आणि पाठ मोकळी होऊन मान आखडून तो घरी जातो.

टॉवेलच्या बाबतीत आपण सोलापूरकर नशीबवान. भौगोलिक मानांकन मिळालेला टेरी टॉवेल आपल्या गावात बनतो, पुणे-मुंबईचे स्पावाले इथूनच माल नेतात. कारखान्याच्या दुकानात सेकंडचा माल मागा. काठाला एखादा धागा ओढलेला असतो एवढंच. पण कोरा टॉवेल पहिल्या दिवशी वापरू नका. त्याला खळ असते, तेल आणि घाम टिपायच्या ऐवजी तो अंगावरून नुसता सरकतो. दोन-तीनदा धुतल्यावर त्याची लव उठते आणि मग तो कामाला येतो. रंग पांढरा किंवा फिका. गडद रंगावर डाग दिसत नाहीत असं सांगतात, तेच तर नको आहे. गिऱ्हाइकाला स्वच्छ दिसला पाहिजे.

आता तेल. आपल्याकडे करडई मुबलक, घाण्यावर ताजं तेल मिळतं, म्हणून मी सुरुवातीला सगळं काम करडईवर केलं. खायला उत्तम, मालिशला नाही. करडईचं तेल हवेत राहिलं की रोगणासारखं चिकट होत जातं. रंग बनवणारेही ते त्याच गुणासाठी वापरतात. सहा महिन्यांत माझे सगळे टॉवेल धुऊनसुद्धा चिकट, पिवळे आणि जुनाट वासाचे झाले. त्याहून वाईट म्हणजे अशा तेलानं भिजलेल्या कपड्यांचा ढीग आतून तापतो. मे महिन्यातल्या एका दुपारी कोपऱ्यातल्या गाठोड्यात हात घातला तर चुलीजवळ ठेवल्यासारखं गरम. असा ढीग धुमसून पेटूही शकतो. तेव्हापासून तेलकट टॉवेल कधीच गठ्ठ्यात ठेवत नाही, दोरीवर सुटे टाकते आणि त्याच दिवशी धुते.

आता तिळाचं तेल. तीळ लवकर खवट होत नाही, अंगात मुरतं, थंडीत उबदार लागतं. उन्हाळ्यात खोबरेल. मोहरीचं तेल ज्यांना सवय आहे त्यांनी मागितलं तरच, आणि बाळाला नाही. शेंगदाण्याचं तेल मी ठेवत नाही, कारण एखाद्याला शेंगदाण्याची ॲलर्जी निघाली तर पंचाईत. एका तासाच्या मालिशला ४० ते ५० मिलिलिटर पुरतं. शनिवारी तेल विकत न घेणारी घरं आपल्याकडे बरीच, माझीही सासू त्यातलीच, म्हणून आमची तेलखरेदी शुक्रवारी.

नळाला पाणी रोज येत नाही. धुणं कसं सांभाळता?

एका गिऱ्हाइकाला दोन मोठे, एक छोटा टॉवेल आणि एक चादर लागते. दिवसाला पाच माणसं धरली तर दहा मोठे टॉवेल. पाणी ज्या दिवशी येईल त्या दिवशी भरायचं आणि मधल्या दिवसांत त्यातच भागवायचं. म्हणून साठ मोठे टॉवेल आणि हजार लिटरची वेगळी टाकी, फक्त धुण्यासाठी. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून टॉवेल अर्धा तास भिजवायचे, मग साबण; थंड पाण्यानं तेल निघतच नाही. टँकर मागवायची वेळ आली तर त्या महिन्याच्या नफ्यातले दोन दिवस गेले असं समजायचं. उन्हाचं मात्र सुख आहे. गच्चीवर टाकलेला टॉवेल तासात कडक भाकरीसारखा होतो. दोन हातांत धरून झटकला की पुन्हा मऊ.

दर काय ठेवावा आणि सुटतात किती?

माझे आकडे सांगते, तुमचे वेगळे असतील. पूर्ण अंगाचे ६० मिनिटांचे ७००, पाठ-मान किंवा नुसते पाय ३० मिनिटांचे ४००, घरी जाऊन ९००. दिवसाला पाच, महिन्याला चोवीस दिवस धरले तर १२० जण, म्हणजे सरासरी ७०० नं ८४ हजार. त्यातून भाडं १४ हजार, मदतनीस १८ हजार, तेल सहा लिटरचे अडीच हजारांच्या आसपास, वीज-पाणी-धुणं ५-६ हजार. हातात चाळीसच्या वर राहतात.

ऐकायला बरं वाटतं. पण पहिल्या वर्षी माझ्याकडे १२० नव्हे, ५० जण येत होते. म्हणजे ३५ हजार जमा आणि ४० हजार खर्च. भाड्याचे पैसे बाळंतिणींच्या घरगुती कामातून भरायचे. सहा महिन्यांचं भाडं गाठीशी असल्याशिवाय शटर उघडू नका. आणि सुरुवातीला 'ओळख व्हावी म्हणून' अर्धा दर ठेवू नका. ३५० नं आलेला माणूस ७०० झाल्यावर परत येत नाही, वर सांगत फिरतो की यांनी भाव वाढवले. पहिल्यांदा येणाऱ्याला हवं तर दहा मिनिटं जास्त द्या, पैसे कमी करू नका.

कुणाला मालिश करायची नाही?

हा प्रश्न फोनवर सगळ्यात कमी जण विचारतात. मी मात्र सगळ्यात जास्त वेळ यावरच बोलते.

ताप, अंगावर पुरळ किंवा गळू, नुकतं हाड मोडलेलं, नुकतं ऑपरेशन, ताब्यात नसलेलं ब्लडप्रेशर: नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जोर लावायचा नाही, काळंनिळं पडतं. कॅन्सरचे उपचार चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. फुगलेल्या, गाठाळलेल्या शिरांवर दाब नाही. गरोदरपणात डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय नाही, पहिले तीन महिने तर मी घेतच नाही.

आणि पोटरी. एकाच पायाची पोटरी सुजलेली, हाताला गरम, दाबली की दुखते, आणि माणूस नुकताच अंथरुणातून उठलाय, प्लास्टर निघालंय किंवा लांबचा बसून प्रवास झालाय, तर आत रक्ताची गुठळी असू शकते. चोळलं तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. असे एक जण माझ्याकडे आले होते, "नुसती शीर चढलीय ओ अक्का, पाच मिनिटं दाबा" म्हणत. मी तेलाची वाटी उचललीच नाही. रागावून गेले. चार दिवसांनी बायकोचा फोन आला, दवाखान्यात आहेत, गुठळीच निघाली. आता ते घर माझं कायमचं गिऱ्हाईक.

दुसरी गोष्ट माझ्या चुकीची आहे. एक काका, वीस वर्षांचा मधुमेह. मला माहीत नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. तव्यावर तापवलेल्या मिठाची पुरचुंडी मी त्यांच्या तळपायाला लावत होते. "गरम लागतंय का?" "नाही हो, छान वाटतंय." दुसऱ्या दिवशी मुलगी आली, मोबाइलवर फोटो घेऊन: टाचेवर रुपयाएवढा फोड. जुन्या मधुमेहात तळपायाची जाणीव कमी होते, चटका कळतच नाही. जखम भरायला सहा आठवडे लागले. ड्रेसिंगचा खर्च मी दिला, पण ते सहा आठवडे मला झोप नव्हती. त्यानंतर वही केली. पहिल्या भेटीत शुगर, बीपी, गोळ्या, ऑपरेशन, गरोदरपण, ॲलर्जी विचारून लिहायचं, खाली सही. शेक द्यायची पुरचुंडी आधी माझ्या मनगटाच्या आतल्या बाजूला, मगच गिऱ्हाइकाला. शुगर असेल तर तळपायाला शेक नाही म्हणजे नाही.

मान 'कट्ट' करून द्या म्हणतात. द्यावी का?

नाही. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे रक्तवाहिन्या जातात, झटक्यानं त्या फाटून पक्षाघात होऊ शकतो. "सलूनवाला देतो" म्हणाले तर म्हणायचं, मग तिकडं जा.

उसण भरली, लचक भरली, गादी सरकली: यातलं काय आपलं?

उसण आणि साधी लचक आपली, तीही पहिले दोन दिवस सोडून. ताज्या मुरगळलेल्या घोट्याला चोळलं तर सूज वाढते. गादी सरकलीय असं डॉक्टरांनी सांगितलेलं असेल तर त्यांना विचारून, आजूबाजूचे आखडलेले स्नायू हलक्या हातानं. पण कंबरदुखीबरोबर पाय लुळा पडतोय, बसायच्या जागेला मुंग्या किंवा बधिरपणा आलाय, लघवीवरचा ताबा गेलाय असं कुणी म्हणालं, तर रिक्षा बोलवा आणि दवाखान्यात पाठवा. उद्या नाही, आत्ता.

मालिशनं अंगातलं विष, टॉक्सिन बाहेर पडतं असं लिहू का जाहिरातीत?

नका लिहू, कारण पडत नाही. व्यायामानंतरचं लॅक्टिक ॲसिड चोळून निघतं असंही सांगतात; ते तासाभरात आपलं आपण जातं. स्नायू सैल होतात, झोप चांगली लागते, दुखणं काही काळ कमी होतं, हे खरं आहे आणि एवढं पुरेसं आहे. लकवा, संधिवात, मधुमेह, लठ्ठपणा बरा करणारं तेल अशी जाहिरात तर करूच नका. त्यासाठी १९५४ पासून वेगळा कायदा आहे.

बाळ-बाळंतिणीचं काम घ्यावं का?

नव्या माणसाला उभं करणारं काम हेच. सव्वा महिना रोज ठरलेल्या वेळी एका घरी जायचं, पैसे ठरलेले, आणि त्या घरातली सासू, आई, आत्या, शेजारीण सगळ्या तुमचा हात बघतात. माझी पहिली तीस गिऱ्हाइकं एका बारशातून आली.

मात्र जुन्या बायकांच्या काही गोष्टी मी सोडल्यात. बाळाच्या नाकात-कानात तेल घालत नाही. टाळू भरत नाही, नुसता हात फिरवते. छाती पिळत नाही, पाय धरून उलटं करत नाही, धुरी देत नाही. यावर घरोघरी वाद होतो. मी म्हणते, "आजी, तुमच्या हातावर माझा विश्वास आहे, पण बालरोगतज्ज्ञांना विचारून घेऊ." डॉक्टरांचं नाव काढलं की आजी माघार घेतात, निदान माझ्यासमोर. सिझेरियन झालेल्या आईच्या पोटाला टाके पूर्ण भरून डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय हात लावत नाही. पाय, पाठ, डोकं तेवढं.

घरी जाऊन मालिश करताना काय काळजी घ्यायची?

बाई असाल तर फक्त बायका, बाळं आणि ओळखीतली म्हातारी माणसं, तीही घरात दुसरं कुणी असताना. जाण्याआधी लोकेशन घरी पाठवायचं. जुळे सोलापूरहून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीकडे जाऊन-येऊन एक तास मोडतो, तो दरात धरा. नाहीतर ९०० चं काम ४५० चं होतं.

भाषेची अडचण येते का?

पूर्व भागातल्या कितीतरी आज्या तेलुगूतच बोलतात, विजापूर रोडकडच्या काही जणी कन्नडमध्ये. मराठी त्यांना येतं, पण दुखलं की तोंडातून मायबोलीच निघते. आमच्याकडे एक नवी मुलगी लागली होती, बार्शीकडची. पहिल्याच आठवड्यात एक पद्मशाली आजी टेबलावर. मुलगी जोर लावतेय आणि आजी म्हणतायत, "चालु, चालु." मुलीला वाटलं, चालू ठेव म्हणतायत. आणखी जोर. "चालु! चालु!" आजींचा आवाज वाढतोय, हिचा हातही वाढतोय. शेवटी आजी उठूनच बसल्या. तेलुगूत 'चालु' म्हणजे पुरे!

म्हणून भिंतीवर चार शब्द लावलेत. दुखणं: तेलुगूत 'नोप्पी', कन्नडमध्ये 'नोवु'. पुरे: तेलुगूत 'चालु', कन्नडमध्ये 'साकु'. त्या आजी अजून येतात. आल्या की त्या मुलीला बघून आधी मोठ्यानं "चालु" म्हणतात आणि हसतात.

नको ते फोन येतात. त्यांचं काय करायचं?

येणारच. "लेडीज आहेत का?", "आणखी काय सर्व्हिस?", रात्री अकराला मिस्ड कॉल. वाद घालू नका, शिव्या देऊ नका. एकच वाक्य, "पुरुषांना पुरुष मालिश करतात, दुसरी कुठली सेवा नाही," आणि नंबर ब्लॉक. केंद्राचा नंबर वेगळा ठेवा, रात्री आठला तो फोन बंद. आत कुणी वेडंवाकडं बोललं किंवा वागलं तर हात तिथंच थांबवायचा, बाहेर यायचं, पैसे परत. मदतनिसाला हे कामाच्या पहिल्या दिवशी सांगायचं की असं केल्याबद्दल तिला कुणी बोलणार नाही. अंग नेहमी झाकलेलं. ज्या भागाचं काम चालू आहे तेवढाच टॉवेल बाजूला.

गिऱ्हाईक वाढवायचं कसं?

पत्रकं वाटली, त्यातून तीन माणसं आली. गूगल मॅपवर नाव, वेळ, काचेच्या दर्शनी बाजूचा फोटो आणि 'बायकांसाठी बायका' एवढं टाकलं, त्यातून आजही येतात. पण खरा उपयोग झाला वहीचा. गिऱ्हाईक गेल्यावर दोन ओळी लिहायच्या: उजवा खांदा, नातवाला उचलून, जोर मध्यम, बोलायला आवडत नाही. तीन आठवड्यांनी ते आले आणि तुम्ही विचारलंत, "उजवा खांदा कसाय? नातू चालायला लागला का?" की माणूस बांधला गेला.

दुसऱ्या दिवशी एक फोन: दुखणं कमी आहे का? एवढाच. ऑफर, सण, सुप्रभात यांचे मेसेज नकोत. हाडांच्या डॉक्टरांकडे आणि फिजिओकडे जाऊन भेटा, कमिशनचं न बोलता. ते पोटरीतल्या गुठळीचं प्रकरण एका डॉक्टरांच्या कानावर गेलं आणि ते पेशंट पाठवायला लागले.

दहा वेळांचं पॅकेज विकू नका. पाचचं ठीक. दहावाल्यांचे पैसे आपण आधीच खर्च केलेले असतात आणि शेवटच्या चार वेळा फुकट राबल्यासारखं वाटतं. ते हातातून कळतं.

दिवाळीत अभ्यंगाच्या आठवड्यात तिप्पट गर्दी असते, तेव्हा आई-वडिलांना भेट देता येईल असं कार्ड छापा. पुण्याची मुलं तेच घेतात. आषाढीत दोन दिवस आम्ही पंढरपूरला वारकऱ्यांचे पाय चोळायला जातो. तिथं पाटी नेत नाही. काही गोष्टी धंद्यात धरायच्या नसतात.

उन्हाळ्यात धंदा बसतो का?

बसतो. पारा ४२-४३ वर गेला की तेल कुणाला नको असतं. सकाळी साडेसहा ते दहा आणि संध्याकाळी सहा ते आठ एवढंच उघडते. तेलाऐवजी डोक्याची मालिश, तळपायाला काशाची वाटी. एप्रिल-मेच्या भाड्याची सोय डिसेंबर-जानेवारीत करायची. जानेवारीत सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या, जत्रेत सगळे खरेदीत असतात, आपण पैसे बाजूला टाकायचे.

दिवसाला किती जण घ्यायचे?

पाच. मी एका दिवाळीत नऊ घेतले. दुसऱ्या दिवशी उजव्या अंगठ्याच्या बुडातून अशी कळ आली की चहाचा कप धरवेना. दीड महिना काम बंद, दोन जुनी गिऱ्हाइकं कायमची गेली. अंगठ्यानं दाबायचं नसतं, अंगाचा भार टाकायचा असतो: कोपर सरळ, एक पाय मागं, दाब तळहाताचा नाहीतर कोपराखालच्या हाताचा. यंत्रमागवाल्याची कंबर अंगठ्यानं सोडवायला गेलात तर त्याची कंबर तशीच राहील आणि तुमचा अंगठा जाईल. दोन माणसांच्या मध्ये पंधरा मिनिटं मोकळी. नखं रोज बघायची.

मदतनीस शिकून स्वतःचं काढतात, गिऱ्हाईकही नेतात. उपाय?

नाही. माझ्या दोघी गेल्या, एकीनं होटगी रोडला काढलंय, बरं चाललंय. पगाराबरोबर प्रत्येक कामामागं थोडे पैसे द्या, रविवारी सुट्टी द्या, त्यांच्या पाठीला तेल लावायला महिन्यातून एकदा स्वतः उभ्या राहा. तरीही जातील. आता जास्तीची गिऱ्हाइकं मी त्या होटगी रोडवालीकडेच पाठवते. तिच्याकडे पुरुष मदतनीस चांगला आहे.

तुमच्याकडे शिकायला येऊ का?

या. फी नाही, पगारही नाही. पहिला महिना टॉवेल धुवायचे, वही लिहायची आणि कोपऱ्यात उभं राहून बघायचं. दुसऱ्या महिन्यात माझी पाठ. येताना नखं कापून या, अंगठ्या-बांगड्या घरी ठेवून या, आणि पाणी यायचा दिवस असेल तर सकाळी सहालाच या.